आहेत तसेच

१० जानेवारी, शुक्रवार

ही वही नवऱ्याने आणून दिली. म्हणाला, "जे काय ओरडायचंय ते हिच्यात ओरड. माझे कान भरलेत आता." स्वतः पार्सलं बांधायच्या गोदामात आठ तास उभा राहून येतो आणि आल्यावर इथली भाषा मोठमोठ्याने घोकत बसतो. सुखी प्राणी. त्याचाही मला राग येतो.

तर ओरडते.

आज नव्या लॅबमधला पाचवा दिवस. वीस वर्षं मी दात करते. कॅप, ब्रिज, कवळी, काय हवं ते. तिकडच्या लॅबमध्ये नवा डॉक्टर आला की मालक त्याला माझ्या टेबलाशी आणायचे आणि म्हणायचे, "मॅडम, जरा हसून दाखवा." माझे पुढचे दात मी स्वतःच करून बसवून घेतलेत, लॅबला लागल्याच्या पहिल्याच वर्षी. एका ओळीत, एका रंगाचे. मी हसले की त्या डॉक्टरचं काम आमच्याकडेच यायचं. आणि इथे मला पाच दिवस प्लॅस्टरचे साचे घासायला बसवलंय. म्हणे आधी हात बघायचा आहे!

पण वही काढली ती त्यासाठी नाही. आज सकाळी सगळ्यांनी हातातलं काम ठेवलं आणि मधल्या लांब टेबलाभोवती उभे राहिले. टेबलावर चार डबे. आठवडाभरात डॉक्टरांकडून परत आलेलं काम. ज्याने ते केलं त्याने पुढे व्हायचं, डबा उघडायचा. मग मुख्य बाई तीन प्रश्न विचारते. काय झालं? तू काय केलंस? पुन्हा कधी देणार? उत्तरं लाल चिठ्ठीवर लिहायची, खाली आपलं नाव घालायचं, आणि चिठ्ठी दाराजवळच्या फळ्यावर टाचायची. आठवडाभर तिथेच. डबे न्यायला येणारा कुरिअरवालासुद्धा ती उभ्या उभ्या वाचतो.

माझ्या शेजारी बसतो त्याला मी मनातल्या मनात मिशाळ म्हणते. मिशा ओठांखाली उतरल्यात, तीस वर्षं या धंद्यात. तो पुढे झाला आणि म्हणाला, "तडा गेला. मी घाई केली, भट्टी थंड व्हायच्या आत उघडली. मंगळवारी देतो." संपलं. "अरे, होतं असं कधी कधी," असं एक माणूस म्हणाला नाही. सगळे आपापल्या जागी जाऊन बसले.

मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं, त्याच्या वतीने. तिकडे काम परत आलं तर मालक गुपचूप माझ्या टेबलावर ठेवायचे, वर एक चहा सांगायचे आणि डॉक्टरला फोनवर म्हणायचे, "साहेब, तुमचं माप जरा हललं होतं बहुतेक." माणसाची अब्रू म्हणून काही असते की नाही?

तीन महिने मला बघणार आहेत. ४ एप्रिलला ठरणार, ठेवायचं की नाही. नाही ठेवलं तर इथे राहायचा परवाना संपला, दोघांनी सामान बांधायचं. तिकडचं भाड्याचं घर सोडलेलं, नवऱ्याने नोकरी सोडलेली. सगळं माझ्या हातांवर आहे. हातांची मला काळजी नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

मुख्य बाई साठीची आहे, लॅब तिची आहे, आणि सगळे तिला अगं-तुगं करतात. ती फरशीही पुसते. मी आदराने बोलायला गेले तर मिशाळ हळूच विचारतो, "तू तिच्यावर चिडलीयेस का?"

दुपारी मी मुद्दाम दोघांना पुरेल इतका डबा नेला होता. सगळ्यांपुढे फिरवला. "नको." "नको." तिसरी, ती रंग लावणारी, वाकून वास घेऊन म्हणाली, "मला वास आवडला नाही." तोंडावर! बरं, भांडायचा सूरही नाही. घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं. आपल्याकडे न आवडलेलंही माणूस "वा!" म्हणून दोन घास खातो आणि उरलेलं कागदात गुंडाळून कुठेतरी टाकतो. समोरच्याला कळूही देत नाही. याला माणुसकी म्हणतात. हे या लोकांना कोण शिकवणार?

डबा मी एकटीने संपवला. पोट दुखतंय.

१९ जानेवारी, रविवार

आईला फोन केला. ती दादा-वहिनीकडे असते. दादाने व्हिडिओ लावला तर आई नेहमीसारखं "थांब हं, आलेच" म्हणून आत पळाली. दर वेळी दोन मिनिटं. या वयात नटायचं सुचतंय म्हातारीला. मग येऊन बसली, हसली, आणि हसताना हात तोंडावर.

"आई, हात काढ. माझं काम दिसू दे."

काढला. काय देखणी दिसते! सहा वर्षांपूर्वी तिची कवळी मी स्वतः केली, मालकांना सांगून चांगल्यातले दात मागवून. आधीचे तिचे दात म्हणजे एकावर एक चढलेले, एक तर पार पुढे आलेला. सगळं सरळ करून टाकलं. बसवली तेव्हा मी रडले होते. ती आरशात बघत राहिली होती कितीतरी वेळ.

"जेवतेस ना नीट?"

"जेवते की. वहिनी सगळं मऊ करून देते मला."

"मऊ कशाला? एवढे चांगले दात दिलेत ना तुला!"

वहिनी मागे उभी होती. हिला स्वयंपाकाचा कंटाळा. सगळं एका भांड्यात शिजवून मोकळी होत असणार.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज टेबलावर माझा डबा होता. पहिला. एक साधी कॅप, चावताना उंच लागते म्हणून परत.

मुख्य बाई: "काय झालं?"

"डॉक्टरचं माप हललं होतं."

"बरं. तू काय केलंस?"

"मी बरोबर केलं."

तिने साचा उचलला, भिंग लावलं आणि माझ्यापुढे धरला. काठावर एक बुडबुडा, राईएवढा. "हा दिसला होता?"

दिसला होता. दिसला की खरवडायचा आणि पुढे जायचं, वीस वर्षं हेच केलंय. डॉक्टरला फोन करून "तुमचं माप चुकलं, परत पाठवा" असं कुणी सांगायचं? त्याचा पापड मोडला तर उद्यापासून तो दुसऱ्या लॅबकडे जाईल. पण हे सगळं या भाषेत कसं सांगायचं ते मला येत नाही. "दिसला होता," एवढंच म्हणाले. नऊ माणसं माझ्याकडे बघत होती. चिठ्ठीवर मी एक शब्द लिहिला, बुडबुडा. बाईने तो वाचला आणि टाचला.

घरी येऊन भांडी अशी घासली की नवरा म्हणाला, "त्यांनी काय बिघडवलंय तुझं?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज कित्येक दिवसांनी मनासारखं काम मिळालं. एका बाईचे वरचे सगळे दात काढायचेत आणि काढल्या काढल्या त्याच बैठकीत कवळी बसवायची आहे. अशी कवळी आधीच तयार ठेवावी लागते, दात अजून तोंडात आहेत तोवर घेतलेल्या मापावरून. मध्ये घालून बघायची सोय नाही. हात बसलेल्या माणसालाच देतात असलं काम. म्हणजे मुख्य बाईला माझा हात कळला तर!

साच्यात पुढच्या दोन दातांमध्ये ही एवढी फट. आगकाडी आरामात जाईल. कागदावर डॉक्टरने लिहिलंय, "समोरचे दात आहेत तसेच." असे 'आहेत तसेच' मी शेकड्यांनी वाचलेत. लिहायची पद्धत आहे ती. कुणाला जन्मभराची फट परत विकत हवी असते? दिवसभर बसून सहा दात असे लावले की बघत राहावं.

मिशाळने मान वाकवून बघितलं. "फट कुठे गेली?"

"बुजवली."

"कागदावर तर लिहिलंय..."

"वाचलंय मी."

"जाऊन बघून ये तिला एकदा. आपण जातो इथे, माणूस बघायला. कसं हसतो, कसं बोलतो."

"मला दात दिसले. तेवढं बस आहे."

त्याने खांदे उडवले. जळतो, दुसरं काय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि अजून उतरलेली नाही.

ती कवळी परत आली. डब्यात त्या बाईच्या हातची चिठ्ठी, मुख्य बाईने सगळ्यांसमोर वाचली. "कवळी चांगली बसते. दुखत नाही. पण मला शिट्टी मारता येत नाही. कुत्रा येत नाही. माझी फट कुठे आहे?"

कुत्रा! एका कुत्र्यासाठी माझं काम परत! मला वाटलं आता तरी सगळे हसतील. कुणी हसलं नाही.

"तू काय केलंस?"

"ही चूक नाही," मी म्हणाले. "हे चांगलं काम आहे. कुणालाही दाखवा."

"चांगलं आहे," बाई म्हणाली. "तू काय केलंस?"

मी सरळ बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा टेबल मोकळं, सगळे कामाला लागलेले, आणि माझ्या जागेवर एक कोरी लाल चिठ्ठी. संध्याकाळी निघताना बाई म्हणाली, "तुझे हात चांगले आहेत. पण ४ एप्रिलला मी हातांवर ठरवत नाही. हात मला शिकवता येतात. त्या टेबलापाशी उभं राहणं शिकवता येत नाही."

नवऱ्याला सांगितलं तर हा काय म्हणतो? "मग सांग ना, फट बुजवली म्हणून. बुजवलीच आहेस तू." घरातलाच माणूस फितूर. आज त्याच्याशी बोलणार नाही.

५ मार्च, बुधवार

ती बाई आज स्वतः लॅबमध्ये आली. मला वाटलं होतं कुणी नाजूक, नखरेल असेल. दार अडेल एवढी बाई, सत्तरीची, मनगटं माझ्या दंडाएवढी. तीस वर्षं बस चालवली म्हणे. मुख्य बाईने नुसतं माझ्याकडे बोट केलं आणि आत निघून गेली.

"तूच का ती?" बसवाली म्हणाली. माझ्या टेबलावरच्या डब्यातून कवळी काढून रुमालावर ठेवली. हिरड्यांनीच हसली. "ऐक, आमच्या बसला कंडक्टर शिट्टी मारायचा नाही, मी मारायचे. अख्ख्या डेपोत मलाच येत होती. आता बघ." कवळी घातली, ओठ ताणले. फुस्स. खिडकीतून खाली दाखवलं. खांबाला बांधलेला एक म्हातारा तपकिरी कुत्रा, भलतीकडेच बघत बसलेला. "आंधळा झालाय तो अर्धा. शिट्टीवर येतो. परवा बागेत दुसऱ्याच बाईच्या मागे निघाला होता."

"तुम्ही आधी सांगायचं होतं," मी म्हणाले.

"सांगितलं होतं की. लिहून दिलं होतं."

तिने कवळी परत काढली, उजेडात धरून बघितली. "दात सुंदर आहेत. दुसऱ्या कुणाला तरी दे." मग मला विचारते, "तुला कुणी सांगितलं की फट वाईट दिसते?"

उत्तर होतं माझ्याकडे. या भाषेत शब्द सापडले नाहीत, एवढंच.

मग मी तिला बोलायला लावलं, हसायला लावलं. जुन्या साच्यावरून फट मोजली, पुढच्या दोन दातांच्या कडा जराशा गोल केल्या. बोलताना जीभ फटीत येऊन टेकते तिची, हे मापात दिसत नव्हतं. काम आहे म्हणून करतेय. पटलंय म्हणून नाही.

१० मार्च, सोमवार

शुक्रवारी टेबलापाशी पुन्हा उभी केली. नवी कवळी तयार होती, तारीख सांगितली. दुसऱ्या प्रश्नाला तोंड उघडलं नाही. बाई म्हणाली, "मधली ओळ रिकामीच लावू?" "लावा," म्हटलं. लावली. माझ्या नावाची चिठ्ठी, मधे कोरी, दारात लटकते आहे. कुरिअरवाला आज तिच्यापुढे जरा जास्तच वेळ उभा होता. कोऱ्या कागदात काय वाचत होता कोण जाणे.

दुपारी रस्त्यावरून शिट्टी आली. अशी शिट्टी मी जन्मात ऐकली नव्हती, काचा थरथरल्या. सगळे खिडकीशी धावले. मीही गेले, जागा होती म्हणून. खाली बसवाली एका टोकाला आणि कुत्रा दुसऱ्या टोकाकडून येतोय, कान उडवत, मधे एकदा घसरून पडला. मिशाळ टाळ्या वाजवत होता. बसवालीने वर बघून मला हात केला.

मी हात केला नाही. भट्टी चालू होती माझी.

१६ मार्च, रविवार

आज व्हिडिओ लागत नव्हता म्हणून साधाच फोन केला. आईचं बोलणं कळतच नव्हतं, सगळं पिचपिचीत. "अगं, तोंडात काही आहे का तुझ्या?" तर म्हणे, "नाही गं, झोपले होते." दुपारी बारा वाजता?

फोन वहिनीकडे मागितला. "आई अशी का बोलते?"

"ताई, ती कवळी... म्हणजे, त्या नेहमी नाही घालत."

"का नाही घालत?"

"सैल झालीये वाटतं."

सैल झालीये आणि मला कुणी सांगत नाही! ही नीट धूत नसणार, कोरडी ठेवत असणार, वाकडी झाली असणार. चांगलं ऐकवलं तिला. आणि म्हटलं, कवळी कुरिअरने पाठव, मी इथे नीट करून देते. मागून आई ओरडत होती, "राहू दे गं! कशाला? वाटेत हरवेल!" मी म्हटलं हरवली तर दुसरी करीन, पण पाठवायचीच. एवढ्याशा दुरुस्तीसाठी तिकडे माझी आई उपाशी आणि इकडे मी कुत्र्यांची सोय बघतेय.

२८ मार्च, शुक्रवार

एक आठवडा उरला. आज टेबलावर माझं काहीच नव्हतं. ती मधे कोरी चिठ्ठी तीन आठवडे उलटले तरी काढलेली नाही. इतरांच्या बदलतात, माझी तशीच.

नवऱ्याने कपाटावरची बॅग काढून पुसून ठेवलीये. म्हटलं, "हे काय?" तर म्हणाला, "धूळ बसली होती." भाषेची वही दोन दिवस उघडलेली नाही त्याने. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

२ एप्रिल, बुधवार

आईची कवळी लॅबच्या पत्त्यावर मागवली होती. आज आली. छोटा स्टीलचा डबा, आत आईचा रुमाल, त्यात कवळी.

भिंगाखाली धरली, कुठे वाकली ते बघायला. कुठेही वाकलेली नव्हती. मग दात बघितले. सहा वर्षं माणूस त्या दातांनी जेवला की दाढांची टोकं झिजतात, सपाट चकत्या पडतात, ब्रशचे ओरखडे पडतात. मी डोळे मिटून बोटाने सांगते, कवळी किती वर्षं वापरली ते. इथे एक टोक झिजलेलं नाही. टाळूवरचं माझं पॉलिश जसंच्या तसं, आरसा करावा इतकं.

मिशाळ म्हणाला, "नवी केलीस? कुणाची?"

"सहा वर्षांची आहे."

त्याने हातात घेतली, एकदा फिरवली. "ही कुणी घातलेलीच नाही," म्हणाला. घड्याळ सांगावं तसं.

मी जिन्यात जाऊन फोन लावला. दादाने आईला दिला.

"घातलीच नाहीस! सहा वर्षं! एक दिवस तरी जेवलीस का तिच्यात?"

"व्हिडिओवर घालते की. म्हणून तर थांब म्हणते तुला."

म्हणजे ती दोन मिनिटं. आणि वहिनी सहा वर्षं मऊ करून घालतेय आणि माझ्या शिव्या खातेय, गप्प.

"दुखते? टोचते? काय होतं काय तुला?"

"काही नाही गं. छान आहे."

"आई, खरं सांग! इथे रस्त्यावरची बाई मला तोंडावर सांगून जाते आणि तू..."

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुझ्या आत्यासारखी दिसते मी त्यात."

"काय?"

"अगं, वन्सं. सरळ दात, असे पुढे. आरशात बघितलं की वन्सं उभ्या. बारा वर्षं त्यांचं ऐकून घेतलं मी एका घरात. त्या गेल्या, आणि तू त्यांना आणून माझ्या तोंडात बसवलंस."

मला हसू आलं आणि त्याचाच जास्त राग आला.

"आणि माझा तो पुढचा दात होता ना," ती म्हणाली, "तिथे जीभ जाते अजून. काहीच नसतं."

"सांगायचं होतंस ना मग!"

"कसं सांगणार? तू रडत होतीस आनंदाने. असं कुणी सांगतं का आपल्या पोरीला?"

बरोबर आहे. कुणी सांगत नाही. "वा!" म्हणायचं आणि कागदात गुंडाळून ठेवायचं. इतकी चीड आली मला. तिची, दादाची, वहिनीची, मालकांची, त्या चहाची. सगळ्यांची एकदम. जिन्यात उभी राहून रडले आणि वर येऊन साचे घासले, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

वहिनीला फोन करायचा आहे. काय म्हणायचं ते सुचत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

टेबलावर दोन डबे होते. मी तिसरा ठेवला, स्टीलचा. मुख्य बाईने यादी बघितली, माझ्याकडे बघितलं. "हा कुणाकडून परत आलाय?"

"माझ्या आईकडून."

बाईने नेहमीच्याच आवाजात विचारलं, "काय झालं?"

"सहा वर्षं घातली नाही."

"तू काय केलंस?"

माझ्या मोडक्या भाषेत बोलले. नवऱ्याला विचारून पाठही करून गेले नव्हते. म्हणाले, "तिचे दात वाकडे होते. मी तिला विचारलं नाही. मला आवडतील असे केले. त्या बसवाल्या बाईचेही तसेच केले. कागदावर लिहिलं होतं, मी वाचलं होतं, आणि मला वाटलं मला जास्त कळतं." कान तापले होते. आवाज चढला होता माझा, मिशाळ म्हणतो खाली रस्त्यावर ऐकू गेला. कुणी "असू दे" म्हणालं नाही. आज पहिल्यांदा त्याचा राग आला नाही. कुणी म्हणालं असतं तर डबाच फेकून मारला असता.

"पुन्हा कधी देणार?"

"दादा तिकडच्या डॉक्टरकडून माप घेऊन पाठवतोय. आल्यापासून तीन आठवडे."

बाईने लिहून घेतलं. मग, झाडू कुठे आहे विचारावं तसं, म्हणाली, "सोमवारी वर ये. कागदावर सही करायची आहे तुझी." आणि पुढचा डबा ओढला.

संपलं असतं इथे. पण मिशाळने विचारलं, टेबलापाशी मधे बोलत नाहीत तरी विचारलं, "तुझ्या आईचा पुढे आलेला दात कुठला? डावा की उजवा?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. वीस वर्षं लोकांच्या तोंडात बघते मी. एकदा पाहिलेला दात विसरत नाही म्हणून तिकडे माझं नाव होतं. आणि जे तोंड जन्मल्यापासून बघतेय त्यातला दात मला आठवेना. नऊ माणसांपुढे उभी होते. "विचारून येते," म्हटलं.

जिन्यात जाऊन फोन लावला. आईनेच उचलला.

"आई, तुझा तो दात कुठला गं? डावा की उजवा?"

"डावा. कडेचा," ती म्हणाली. "तुझाही तोच होता की."

माझी जीभ माझ्या त्या दातावर गेली.

"तू सरळ करून घेतलेस आणि घरी येऊन हसून दाखवलंस, आठवतं? मी छान म्हटलं होतं."

"आणि खरं?"

"खरं सांगू?" एवढं विचारून थांबली. सवय नाही तिला. "दोन दिवस तुझ्याकडे बघवत नव्हतं मला."

आत येऊन चिठ्ठी पूर्ण केली. दात डावा, कडेचा, होता तसाच पुढे. दुसऱ्या प्रश्नापुढे सगळं लिहिलं, जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं. बसवालीची कोरी चिठ्ठी काढून तीही भरली. दोन्ही टाचत होते तेव्हा कुरिअरवाला डबे घेऊन निघाला होता. माझ्या मागे येऊन थांबला आणि मान तिरकी करून वाचायला लागला.

वाचू दे.